सवलत कोणाच्या पदरात?

वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की नागपुरातील मध्यमवर्गीय कुटुंबाला वीजबिलाची धास्ती वाटू लागते, आणि सौरसंच व विद्युत वाहने यांवरील शासकीय सवलतींची चर्चा घरोघरी सुरू होते. या सवलतींमागील हेतू स्तुत्य आहे. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांची राख ज्यांच्या अंगणात पडते त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. परंतु सवलत कोणत्या वाटेने दिली जाते यावरच ती कोणाच्या पदरात पडणार हे अवलंबून असते, आणि याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

प्राप्तिकर कायद्यातील ८० ईईबी या कलमाचेच उदाहरण घ्या. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या विद्युत वाहनकर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट त्यात देण्यात आली. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील गृहस्थाने मोटार घेऊन तेवढे व्याज भरले, तर उपकरासह त्याचे ४६,८०० रुपये वाचत. वीस टक्क्यांच्या टप्प्यातील शिक्षकाने ऐंशी हजारांच्या कर्जावर स्कूटर घेतली, तर दहा टक्के दराने वर्षाचे व्याज फार तर आठ हजार. बचत सोळाशेच्या आसपास. आणि ज्या कारकुनाचे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत, त्याचा कर मुळातच माफ असल्याने त्याच्या हाती काहीच येत नसे. ज्याची गरज कमी त्याला मदत अधिक, असा हा उफराटा न्याय! मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने तीस लाखांवरील विद्युत मोटारींवर सहा टक्के कर सुचविला, तोही त्याच महिन्यात मागे घेतला गेला.

त्या मानाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना अधिक न्याय्य म्हटली पाहिजे. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये. मग घरमालक कर भरणारा असो वा नसो. मात्र येथेही पैसा आधी घालावा लागतो, अनुदान मागाहून खात्यात जमा होते. शिवाय स्वतःचे छत हवे. महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांतील भाडेकरूने काय करावे? सदनिकाधारकांच्या संस्थेला किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात खरे, पण ते उद्वाहक, पंप अशा सामाईक वापरापुरतेच.

शाळा व महापालिकेच्या इमारतींवर सामाईक संच उभारून त्यातील वीज भाडेकरूंच्या बिलात वळती करता येईल. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच अशा आभासी मापनाचे नियम केले. अनुदानाचा काही वाटा आपल्या शासनाने अशा संचांसाठी राखून ठेवावा, आणि पहिला प्रयोग कोराडीच्या सावलीत राहणाऱ्या नागपुरातच करावा.