टिंगल नेमकी कुणाची?

लुई बुन्युएलचा 'विरिदियाना' (१९६१) देवाची टिंगल करतो म्हणे! कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तरी व्हॅटिकनचं वृत्तपत्र खवळलं आणि फ्रँकोच्या स्पेनने बंदी घातली. ती उठली थेट १९७७ मध्ये. का, तर भिकाऱ्यांची पंगत 'लास्ट सपर'सारखी दिसते. अहो, पण त्यांना घरी आणलं कुणी? भाविक विरिदियानानेच ना! जेवण दिलं, प्रार्थना दिली. तुम्हाला काय हवंय, हे मात्र विचारलं नाही.

नास्तिकांनीही टाळ्या पिटू नयेत. व्यवहारी होर्हे गाडीला बांधलेलं कुत्रं विकत घेऊन सोडवतो. तेवढ्यात दुसरी गाडी जाते, तिलाही कुत्रं बांधलेलंच! मला विचाराल तर ही टिंगल स्वतःच्या समाधानासाठी केलेल्या दानाची आहे. झोंबली? झोंबायलाच हवी.