कारण काय लिहू?

मा. जिल्हाधिकारी, पुणे यांस,


पौडच्या तहसील कचेरीबाहेर शेजारच्या पोराबरोबर टायपिंगवाल्यापुढे उभा होतो. त्याचं आयटीआय अर्ध्यात सुटलेलं. पुन्हा प्रवेशासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. टायपिंगवाल्यानं मान वर न करता विचारलं, "कारण काय लिहू?" पोरगा सव्वा महिना व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेला. तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी कागदावर उमटलं, 'घरगुती अडचण'.

पोरं कट्ट्यावर बसून बिघडतात म्हणे. हा बिघडला कामावर. दिवसा वर्ग, रात्री ठेकेदाराकडे बारा तास. झोप येऊ नये म्हणून कुणीतरी एमडीची पुडी दिली. आधी वर्गातली हजेरी गेली, मग काम. जमीन तर बापानं केव्हाच विकलेली. आम्हा मुळशीकरांना लोक 'गुंठामंत्री' म्हणून हसतात, आणि 'मुळशी पॅटर्न' सिनेमा आल्यापासून तर आम्ही सगळे कोयतेवालेच! गुंठे संपल्यावर पोरांनी काय करायचं, ते कुणी विचारत नाही.

२०२४च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, कुरकुंभला, शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे हेच एमडी, सापडलं. आपल्या अध्यक्षतेखालच्या अमली पदार्थविरोधी समितीपुढे जप्तीचे आकडे येतच असतील. उपचार घेऊन परतलेल्यांपैकी कितीजण कामाला लागले, हाही आकडा मागवा ना.

एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार, स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून सूट मिळते. अवचट दांपत्यानं पुण्यात 'मुक्तांगण' काढलं १९८६ साली, म्हणजे व्यसन हा आजार आहे हे इथं नव्यानं सांगायला नको. तरी मुलाखतीत 'मधली दोन वर्षं कुठं होतास?' म्हटलं की पोराची बोबडी वळते. खरं सांगितलं तर काम नाही, खोटं सांगितलं तर रोजची धाकधूक. अशात पुन्हा पुडी हाताला लागायला कितीसा वेळ!

तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेनं किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. पिरंगुट, घोटवडे फाटा भागातल्या कंपन्यांना पौडला बोलवा. त्यातल्या थोड्या शिकाऊ जागा उपचार घेऊन परतलेल्या पोरांना द्यायला सांगा. त्यांच्या भरवशाची हमी केंद्राचा समुपदेशक देईल, हवं तर दर महिन्याला.

बैठक संध्याकाळी सहानंतर ठेवा. पोरगा सध्या गॅरेजात रोजंदारीवर आहे, खाडा परवडत नाही.

आपला,
पौडचा एक रहिवासी