नोकरीचा अर्ज : प्रतिज्ञा, उदाहरण आणि उपनय

नोकरीसाठी पाठवायचा सीव्ही, म्हणजे शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये यांचा संक्षिप्त आलेख, आणि त्यासोबतचे कव्हर लेटर, म्हणजे विशिष्ट पदासाठी उमेदवार योग्य का आहे हे सांगणारे पत्र, यांविषयी महाराष्ट्रातील सुशिक्षित तरुणांत तीन मते रूढ आहेत. पहिले असे की सीव्हीत स्वतःविषयीची सगळी माहिती यावी. दुसरे असे की कव्हर लेटर कोणी वाचत नाही, म्हणून त्यावर श्रम घालवू नयेत. आणि तिसरे, सर्वांत खोल रुजलेले, असे की निवड अखेर वशिल्यानेच होते, त्यामुळे कागद कसाही असला तरी चालतो. ही तिन्ही मते सदोष आहेत, आणि ज्यांच्या घरात मार्ग दाखवणारे कोणी नाही अशा उमेदवारांनाच त्यांची झळ अधिक लागते, म्हणून त्यांचे खंडन आवश्यक ठरते.

सर्व माहिती देण्याच्या आग्रहाचे मूळ मराठी घराला परिचित असलेल्या दोन कागदांत शोधता येते : एक शासकीय भरतीचा अर्ज आणि दुसरा लग्नाचा बायोडेटा. शासकीय अर्जातील रकाने शासनाने ठरवलेले असतात, ते भरणे बंधनकारक असते, आणि तेथे प्रवर्ग विचारला जातो तो आरक्षणाच्या कायदेशीर तरतुदींमुळे. लग्नाच्या बायोडेटात वडिलांचा व्यवसाय, उंची आणि वर्ण येतात, कारण तेथे दोन कुटुंबांचा विचार व्हायचा असतो. खाजगी कंपनीच्या सीव्हीला यांपैकी कोणतेही कारण लागू नसतानाही वडिलांचे नाव, धर्म, जात आणि वैवाहिक स्थिती त्यात सवयीने उतरतात, त्यांच्या जोडीला 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' या शीर्षकाखाली कोणालाही लागू पडेल असे एक वाक्य येते, आणि शेवटी वरील माहिती खरी असल्याची ग्वाही दिली जाते. परिणामी, उमेदवाराला कोणते काम येते, हा नियोक्त्याचा मुख्य प्रश्न तेवढा अनुत्तरित राहतो.

कव्हर लेटर वाचले जात नाही, या मतात अर्धे सत्य आहे. 'आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास कर्तव्यात कसूर करणार नाही' असे, केवळ कंपनीचे नाव बदलून दहा ठिकाणी पाठवलेले पत्र वाचले जात नाही, आणि ते वाचण्याचे कारणही नसते. परंतु निरर्थक पत्रे दुर्लक्षिली जातात, यावरून पत्र हा प्रकारच निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे तर्काला धरून नाही. शिक्षणात पडलेला खंड, एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाण्याचे कारण, नागपूरच्या उमेदवाराने पुण्यातील पदासाठी अर्ज का केला याचा खुलासा, या गोष्टी सीव्हीच्या तुटक नोंदींत मावत नाहीत. त्यांना सलग गद्यच लागते.

तिसरे मत सर्वांत गंभीर आहे, कारण त्यामागे अनुभवाचे बळ आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले होते; फरक होता तो केवळ उच्चवर्णीय हिंदू, दलित किंवा मुसलमान अशी ओळख सुचवणाऱ्या नावांचा. दलित नावांच्या अर्जांना पुढील फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली आणि मुसलमान नावांच्या बाबतीत ही तफावत अधिक मोठी होती. म्हणजे अन्याय काल्पनिक नाही, आणि उत्तम सीव्ही लिहिल्याने तो नाहीसा होतो असे म्हणणे ही उमेदवाराची फसवणूक ठरेल. तथापि या पुराव्यावरून कागद व्यर्थ आहे असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की पूर्वग्रहाला वाव देणारा मजकूर उमेदवाराने आपल्या हाताने पुरवू नये, आणि छाननीच्या वेळी नावे झाकून ठेवण्याची जबाबदारी नियोक्त्याने स्वीकारावी. शिवाय ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही, त्याची बाजू मांडायला कागदाखेरीज दुसरे असते तरी काय?

या खंडनानंतर सिद्धान्त मांडता येतो. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, दुसऱ्याला पटवून देण्यासाठी केलेल्या अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. प्रतिज्ञा म्हणजे सिद्ध करावयाचे विधान, उदाहरण म्हणजे त्याला आधार देणारा सर्वमान्य दाखला, आणि उपनय म्हणजे त्या दाखल्यातील नियम प्रस्तुत प्रकरणाला लागू करून दाखवणे. नोकरीचा अर्ज हेही दुसऱ्याला पटवण्यासाठीच केलेले अनुमान असल्याने, सीव्हीने उदाहरणे पुरवावीत आणि कव्हर लेटरने उपनय करावा, अशी कामाची विभागणी योग्य ठरते.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात गुणवत्ता तपासनिसाचे पद आहे आणि यांत्रिकी पदविकाधारक उमेदवार अर्ज करतो आहे, असे समजा. 'मेहनती आणि प्रामाणिक' हे त्याचे विधान नुसती प्रतिज्ञा आहे, आणि ते प्रत्येक अर्जात असते. त्याऐवजी 'अ‍ॅप्रेंटिसशिपच्या काळात व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने सुट्या भागांची मापे घेतली, रिजेक्शनची नोंद शिफ्टनुसार ठेवली आणि वारंवार येणारा दोष सुपरवायझरच्या निदर्शनास आणला' असे लिहिले, तर मेहनत आणि प्रामाणिकपणा न सांगता दिसतात. संख्या खरी आणि ठाऊक असेल तर ती द्यावी, नसेल तर रचू नये, कारण मुलाखतीतील पहिल्याच प्रश्नाला रचलेला आकडा ढासळतो आणि त्याच्यासोबत खऱ्या नोंदींवरचा विश्वासही जातो. पत्रात मग जाहिरातीतील दोन-तीन अपेक्षा घेऊन, त्यांतील प्रत्येकीला आपला कोणता अनुभव उत्तर देतो, हे एका पानाच्या आत सांगावे.

अनेक कंपन्या अर्जांची पहिली छाननी एटीएस, म्हणजे अर्जातील मजकूर वाचून त्याची वर्गवारी करणाऱ्या संगणकप्रणालीकडून करून घेतात, म्हणून चित्रे आणि गुंतागुंतीचे तक्ते टाळून साधी शीर्षके वापरणे हिताचे असते. जाहिरातीतील शब्द खरोखर लागू पडत असतील तर तसेच वापरावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेल्या अर्जालाही हीच कसोटी लावावी : भाषा सफाईदार झाली तरी उदाहरणे उमेदवाराच्या आयुष्यातूनच यावी लागतात, ती यंत्राकडे नसतात.

तेव्हा महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षी छापील नमुना हाती देण्याऐवजी पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना आपल्या कामाची नोंद ठेवायला शिकवावे, आणि उमेदवारांनी अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा : हिच्यामुळे काय सिद्ध होते? ज्या ओळीला उत्तर देता येत नाही, ती काढून टाकावी.