नेम रेंजवरच धरा

बंगळुरूच्या जे. पी. नगरालगत दोरेसानीपाळ्याचे वन संशोधन केंद्र आहे, सातव्या टप्प्यात पुट्टेनहळ्ळी तलाव आहे आणि दक्षिणेला थोड्या अंतरावर बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान. यांपैकी कुठलीही जागा नेमबाजीच्या सरावाची नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत अनेक ठिकाणी निशाणेबाजीला मुभा असते; तरीही घरे आणि मुक्कामाच्या जागांपासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणे हाच गुन्हा ठरतो. दाट वस्तीला खेटून असलेल्या वनांसाठी हे कडक धोरणच योग्य.

खरा घोळ छऱ्याच्या बंदुकीचा. ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणे समजली जाते. पण तिचा शिशाचा छर्रा पाखराचा जीव घेतो, माणसाचा डोळा फोडतो. चुकलेला छर्रा मातीत पडून राहतो आणि शिसे तर विषारीच. अरुणाचल प्रदेशाने हे ओळखून मार्च २०२१ मध्ये एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू केली आणि गावोगावच्या लोकांनी बंदुका आणून दिल्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले, ते रेंजवरच्या शिस्तीत घडून. कर्नाटक सरकारने दक्षिण बंगळुरूत परवडणारी सार्वजनिक रेंज उभारावी. आणि पालकांनो, मुलाच्या हाती रायफल द्यायचीच असेल, तर आधी प्रशिक्षक गाठा.