मन कुणाचं तपासता?



गंगापूर रोडवर क्लासच्या पाट्या मोजता मोजता माणूस दमतो. आपली पोरंही आता तिथं बसून कलमं घोकतात. घोका. घोकायलाच पाहिजे. पण घोकताना एक सवाल विचारा : गुन्हा म्हंजे नेमकं काय?

इंग्लंडच्या कायद्याचं उत्तर सरळ आहे. दोन गोष्टी लागतात. एक, हातून घडलेलं कृत्य. दुसरी, त्यामागचं दोषी मन. लॅटिनमध्ये अ‍ॅक्टस रीअस आणि मेन्स रिया. नुसता वाईट विचार गुन्हा नाही, निव्वळ अपघातही नाही. आणि दोन्ही सिद्ध करायचं सरकार पक्षानं. १९३५ साली बायकोच्या खुनाचा आरोप असलेल्या वूलमिंग्टनला हाउस ऑफ लॉर्ड्सनं याच तत्त्वावर सोडलं.

काय थोर तत्त्व! पण याच साहेबानं १८७१ साली हिंदुस्थानात क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला. पुढं आपल्याकडचे पारधी, कैकाडी, मांग-गारुडी त्यात कोंबले. कृत्य नाही, मन नाही; नुसता जन्म पुरे. वूलमिंग्टन सुटला त्या सालीही सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं हजेरी देत होती. हा कायदा गेला १९५२ साली. पोलिसाच्या डोक्यातून तो गेला का? पालावर धाड पडते तेव्हा जाऊन बघा.

म्हंजे आरोपी आपला असला की मन तपासायची गरज नाही. मेलेला आपला असला की मात्र मन सापडतच नाही!

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातले चौघे गावानं मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जण दोषी धरले, सहा जणांना फाशी दिली. २०१० साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली. पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा दोन्ही कोर्टांत लागला नाही. साक्ष दिल्याचा राग होता, सूड होता, म्हणे. जात नव्हती. अरे, साक्ष देणारा सवर्ण असता तर त्याच्या अख्ख्या घरावर गाव असं तुटून पडलं असतं का?

गोम एका शब्दात होती. १९८९ च्या कायद्याचं कलम ३(२)(५) म्हणत होतं, पीडित अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला पाहिजे. आता मारणारा कारण काय कागदावर लिहून देतो? जमीन, बांध, मोटारसायकल, लग्नाची वरात, एक ना एक दुसरं कारण हजर असतंच. जात त्या कारणाच्या आत दबा धरून बसते.

२०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि तो शब्द बदलला. आता जात ‘माहीत असताना’ गुन्हा केला, एवढं पुरे. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असं कोर्टानं गृहीत धरायचं. नव्हती हे त्यानं दाखवायचं. गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते हो?

हेच गटाराचं. साधनांशिवाय माणूस खाली उतरवतात, तो वायूनं गुदमरतो, आणि कागदावर येतं ‘निष्काळजीपणा’. खाली मरण आहे हे माहीत असून ज्यानं उतरवलं, त्याचं मन कोण तपासणार?

१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली. नंबर बदलले, पाया तोच : कृत्य आणि मन. तेव्हा फिर्याद लिहिताना पोलीस ‘किरकोळ वादातून’ असं लिहू लागला की त्याचा हात तिथंच थांबवा. शिवी दिली ती जशीच्या तशी लिहायला लावा. आरोपी घराला किती वर्षं ओळखतो ते लिहायला लावा. आधीच्या धमक्या, आधीचे अर्ज, तारखा, साक्षीदार, सगळं. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठायचं नाही.

मन डोळ्यांना दिसत नाही. कोर्टात ते पुराव्यानंच उभं राहतं. तो पुरावा पहिल्या रात्रीच गोळा होतो, नाहीतर कायमचा जातो. आपल्या शंभर घोषणांनी जे होणार नाही, ते त्या रात्री ठाण्यात बसलेला कलमं माहीत असलेला एक पोरगा करील.

तो पोरगा, ती पोरगी तुमच्यातूनच निघाली पाहिजे.

जयभीम!

— संपादक
गंगापूर रोड, नाशिक