सुटका का नाकारली, हेही कैद्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे

मी मूळची भालकीची, सध्या हैदराबादला राज्यशास्त्र शिकते. घरी कन्नड नोटीस आली की आमचे आजोबा ती खिशात घालून शेजारच्या मास्तरांकडे जायचे. मास्तर वाचून दाखवायचे, आजोबा मान डोलवायचे. घरी आल्यावर आजी विचारायची, "काय लिहिलंय?" तोवर निम्मं विसरलेलं असायचं.

'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल वाचताना मला आजोबाच आठवले. १९६१ साली हरिकिसन यांना नागपुरात प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलं. कारणांचा कागद इंग्रजीत दिला. मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, असं त्यांनी कळवलं. सरकारचं उत्तर असं की पोलीस अधिकाऱ्यानं वाचून समजावलंय, तेवढं पुरे. त्यांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा आणि कुठल्या कायद्यानं कोंडलं ते दाखवा, अशी मागणी. उच्च न्यायालयानं अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानं मात्र १९६२ मध्ये ही स्थानबद्धता बेकायदा ठरवली. ज्याला आपली बाजू लिहून मांडायची आहे, त्याच्या हातात त्याला वाचता येईल असा कागद हवा, तोंडी सांगून भागत नाही. राज्यघटनेच्या कलम २२(५) चा अर्थ असा लागला.

सीमाभागातल्या आपल्या लोकांनी हा निकाल पाठच करून ठेवावा. पण त्यात एक फट राहिली आहे, आणि आज लिहायचंय ते तिच्याबद्दल.

अटकेची कारणं कैद्याच्या भाषेत मिळतात. पण उच्च न्यायालयानं हेबियसचा अर्ज फेटाळला तर तो निकाल इंग्रजीत येतो, कारण कलम ३४८. पुढे सर्वोच्च न्यायालयात आपोआप जाता येत नाही. उच्च न्यायालयाचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर कलम १३६ खाली अपिलाची खास परवानगी मागावी लागते. मुदत साधारण ९० दिवस, प्रमाणपत्र नाकारलं असेल तर तेव्हापासून ६०. वकील नसलेला कैदी तुरुंग अधीक्षकांमार्फत स्वतःचा अर्ज पाठवू शकतो. सोय चांगली आहे. पण निकालात नेमकं काय चुकलं, हे त्यानं लिहायचं कसं? निकालच वाचता येत नाही!

अपिलाचं दार कशानं बंद होतं, हे आमच्या हैदराबादनं पाहिलंय. 'जनार्दन रेड्डी' प्रकरणात तेलंगणातल्या शेतकऱ्यांना विशेष न्यायाधिकरणानं ऑगस्ट १९४९ मध्ये फाशी सुनावली, डिसेंबरात हैदराबाद उच्च न्यायालयानं ती कायम केली. अपिलाची परवानगी मागितली तर सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राज्यघटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली, हा निकाल त्याआधीचा. दीड महिन्याचा फरक! मग हेबियसचा अर्ज. त्यात खटल्याच्या वेळी वकील मिळाला नाही, ही तक्रारही होती. वकील द्यायला न्यायाधिकरणानं पावलं उचलायला हवी होती, असं कोर्टानं १९५१ मध्ये म्हटलं, तरी अर्ज फेटाळला.

नंतर कायदा पुढे सरकला. १९७८ च्या 'होसकोट' निकालात कैद्याची तक्रार होती की उच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही. परवानगीचा अर्ज आला तोवर चार वर्षांहून जास्त काळ गेला होता आणि शिक्षा भोगूनही झाली होती. त्यांचं अपील काही ऐकलं गेलं नाही. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की निकालाची प्रत कैद्याला फुकट आणि वेळेत द्या, त्याची लेखी पोच घ्या, आणि ऐपत नसेल त्याला वकील द्या.

म्हणजे वकील आला, प्रत आली. आता उरली भाषा.

कुणी म्हणेल, वकील आहे ना समजावायला? असेल. पण लढायचं की नाही हे कैद्यानं ठरवायचंय, आणि वकिलानं तोंडी सांगितलेलं म्हणजे पुन्हा मास्तर आणि आजोबाच. भाषांतरात चुका होतील म्हणाल, तर इंग्रजी प्रतच अधिकृत राहू दे. भाषांतर फक्त कळण्यासाठी. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालय आपले निकाल मराठीसह अनेक भाषांत आणतंय. वाचकांसाठी जमतं, तर कोठडीतल्या माणसासाठी का नाही?

माझी मागणी छोटी आहे. हेबियसचा अर्ज फेटाळला की आठवड्याच्या आत त्या निकालाचं कैद्याच्या भाषेतलं भाषांतर त्याच्या हातात पडावं. सोबत एक पान: पुढे कुठे जायचं, किती दिवसांत, अर्ज कुणाकडे द्यायचा. बेळगावातल्या मराठी माणसाला मराठीत, सोलापुरातल्या कन्नड माणसाला कन्नडमध्ये, हैदराबादेतल्या उर्दू माणसाला उर्दूत.

अटक करताना भाषा पाळता, तर सुटका नाकारतानाही पाळा.