क्रमांक कचेरीचा, सूत्रे कोणाची?

झूम किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्स यांवरून चालणारी बैठक हा आता कचेऱ्यांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या नित्यक्रमाचा भाग झाला आहे. परंतु ज्याच्या हाती केवळ साधा दूरध्वनी आहे, किंवा ज्याच्या गावचे इंटरनेट ऐन वेळी दगा देते, तो शिक्षक वा कारकून त्या बैठकीच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. त्याला आत घ्यावयाचे तर बैठकीचे सॉफ्टवेअर आणि दूरध्वनीचे सार्वजनिक जाळे यांची सांगड घालावी लागते. ती कोणी घालावयाची आणि तिची सूत्रे कोणाच्या हाती राहावयाची, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

तंत्राची बाजू थोडक्यात सांगता येते. इंटरनेटवरून कॉल जुळविण्याची ‘सिप’ नावाची प्रमाण पद्धती १९९९ पासून उपलब्ध आहे. तिच्या आधारे दूरध्वनी कंपनीचे जाळे व सॉफ्टवेअर यांच्या सीमेवर जकातनाक्यासारखी एक यंत्रणा बसविली, की आवाज इकडून तिकडे जाऊ लागतो. ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कंपनीची वाहिनी अशा रीतीने टीम्सला जोडावी, ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये केली. झूमनेही तशी वाट ठेवली आहे.

भारतात खरा अडसर होता तो कायद्याचा. १८८५ च्या तार कायद्याने तारेचा मक्ता सरकारकडे ठेवला होता. एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास अनुमती मिळाली खरी. पण संगणकावरून देशातल्या देशात दूरध्वनीशी जोडणी करण्यास मनाईच राहिली. पुण्याचा आवाज इंटरनेटने नागपुरास न्यावयाचा आणि तेथून स्थानिक कॉल लावावयाचा, असे झाले तर लांब पल्ल्याचे शुल्क बुडते, हे त्यामागील एक मुख्य कारण. त्या काळी या भिंतीला अर्थ होता. दर उतरण्याची वाट पाहत रात्री एसटीडी बूथसमोर रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला तो समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे पल्ल्यानुसार दर आकारण्याची पद्धतच मागे पडली आणि भिंत तेवढी उरली.

ती हळूहळू सैल झाली. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून दूरध्वनी सेवा देण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२० व २०२१ मध्ये कॉल सेंटरांवरील बंधने शिथिल झाली. २०२३ मध्ये झूमला स्वतःलाच दूरसंचार परवाना मिळाला आणि २०२४ मध्ये तिची दूरध्वनी सेवा प्रथम पुण्यात सुरू झाली. पुण्याला मिळालेल्या या मानाचे कौतुक अवश्य व्हावे. मात्र बैठक भरविणाराच दूरध्वनी कंपनी झाला, की बाहेरच्या कंपनीसाठी दार उघडे ठेवण्यात त्याचा स्वार्थ उरत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

अमेरिकेने हा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. दुतर्फी रेडिओ दूरध्वनीला जोडून देणाऱ्या ‘कार्टरफोन’ या उपकरणास तेथील बलाढ्य बेल कंपनीने मज्जाव केला होता. जाळ्यास अपाय होत नसेल तर परकी उपकरणे नाकारता येणार नाहीत, असा निर्णय तेथील संचार आयोगाने १९६८ मध्ये दिला. पुढे मोडेम आणि फॅक्स घरोघरी पोहोचले, त्यांची वाट या निर्णयाने सुकर केली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. दोन कंपन्या असल्या की आवाज तुटताच एक दुसरीकडे बोट दाखविते आणि तक्रार घेऊन बसलेल्या कारकुनाला कोणीच वाली राहत नाही. एकच कंपनी असेल तर निदान कोणाला जाब विचारावयाचा हे तरी कळते. पण ही अडचण करारात जबाबदारी स्पष्ट लिहून घेतल्याने सुटू शकते. एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घेतलेल्या संस्थेची सुटका तितकी सोपी नसते. शाळेचा क्रमांक वर्षानुवर्षे निकालपत्रांवर छापलेला असतो, पालकांच्या वह्यांत लिहिलेला असतो. तो गमावण्याच्या भीतीने संस्था वाढीव दरही मुकाट्याने भरील.

क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा देशभर २०११ मध्ये मिळाली, तीही मोबाईलपुरतीच. म्हणून कचेरीचा क्रमांक संस्थेच्या नावेच राहील, आणि सॉफ्टवेअर बदलले तरी तो दुसरीकडे जोडता येईल, या दोन अटी मुख्य लिपिकाने करारपत्रावर सही होण्यापूर्वीच लेखी मागून घ्याव्यात.